अजिंठ्याच्या भिंतीवरचं गलबत : मराठवाड्यातले पाच दिवस

अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, आत तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताच्या भिंतीवर, तीन डोलकाठ्यांचं एक गलबत रंगवलेलं आहे. पाचव्या शतकातलं. बहुतेक लोक पद्मपाणी पाहायला पहिल्या लेण्यात थांबतात आणि दुसऱ्यातून पाच मिनिटांत बाहेर पडतात. पण याच चित्रावरून गोव्यात एक खरंखुरं जहाज बांधलं गेलं. त्याच्या फळ्या खिळ्यांनी नाही, काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. २१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर ते 'आयएनएसव्ही कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झालं. त्यानंतर हे चित्र नीट वाचायचं, आणि अशा गलबतांत भरला जाणारा माल मराठवाड्यातल्या ज्या गावांतून निघायचा ती गावं पाहायची, असा बेत ठरला. डिसेंबरचा तिसरा आठवडा, पाच दिवस, एक गाडी, चार माणसं.

पहिला दिवस, मंगळवार : अजिंठा

संभाजीनगरहून अजिंठा साधारण शंभर किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघालो. फुलंब्रीपर्यंत काचा पुसत जावं लागलं इतकं धुकं होतं, आणि सिल्लोडला चहासाठी उतरलो तेव्हा बोटं कपाभोवतीच राहिली.

वाराची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. त्यामुळे सोमवारी वेरूळ केलेल्या सगळ्या सहली मंगळवारी अजिंठ्यावर येतात. चित्र निवांत पाहायचं असेल तर बुधवार ते शुक्रवार यातला दिवस धरा. मंगळवारशिवाय जमत नसेल तर नऊला दार उघडायच्या आधी फर्दापूर फाट्यावर पोचा. खासगी गाड्या तिथेच थांबतात, पुढचे चार किलोमीटर बसने जावं लागतं. पहिल्या बसमध्ये जागा मिळाली तर दुसऱ्या लेण्यात अर्धा तास जवळपास एकटे असाल. त्यासाठी पहिलं लेणं परतीसाठी ठेवायचं आणि थेट दुसऱ्यात शिरायचं.

आत प्रकाश मंद असतो, आणि तो तसाच असायला हवा. बाहेरच्या उन्हातून आल्यावर पहिली पाच-सात मिनिटं भिंतीवर नुसते तपकिरी डाग दिसतात. तेवढा वेळ काहीच पाहायचा प्रयत्न करू नका, डोळे सरावू द्या. फ्लॅशला बंदी आहे, चप्पल-बूट बाहेर काढायचे असतात, आणि आत एका वेळी ठरावीकच माणसं सोडतात. छोटी दुर्बीण मात्र जरूर आणा. लांबच्या पक्ष्यांसाठी वापरतो तीच, फक्त जवळची वस्तू स्पष्ट दिसणारी हवी. भिंतीपाशी जाता येत नाही, आणि गलबताचे बारकावे नुसत्या डोळ्यांनी हाती लागत नाहीत.

पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याने आमची दुर्बीण पाहिली आणि आपणहून जागा दाखवली. "साहेब, समोरून नका बघू. दोन पावलं मागं या, तिरकं बघा. समोरून चकाकी येते." ती चकाकी कशाची, तेही कळण्यासारखं आहे. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले होते. सुटत चाललेला रंग त्यांनी भिंतीला पुन्हा चिकटवला, पण वरून लाखेचा थर दिला. तो थर पुढे पिवळा पडला. आज चित्रं पिवळसर आणि जागोजागी चकचकीत दिसतात, त्यातला मोठा भाग या लाखेचा आहे, मूळ रंगाचा नाही.

आता गलबत. कथा पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची. शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा हा माणूस अनेक समुद्रयात्रा करून शेवटी भिक्षू झाला. त्याचा भाऊ भविल चंदन आणायला समुद्रापार गेला. बेटावरची चंदनाची झाडं तोडली म्हणून यक्ष कोपला, त्याने वादळ उठवलं, भविलने पूर्णाचा धावा केला, पूर्ण आकाशमार्गे आला आणि जहाज वाचलं. त्याच चंदनाचा विहार बांधून भावांनी शूर्पारकात बुद्धाला बोलावलं. चित्रातला प्रसंग संकटाचा आहे.

वाचायला पुढच्या टोकापासून सुरुवात करा. टोक आणि मागची बाजू, दोन्ही उंच उचललेले आहेत. लाटेवर पुढचं टोक खाली बुडू नये आणि मागून आलेली लाट आत शिरू नये म्हणून असा घाट ठेवतात. पुढच्या बाजूवर डोळा रंगवलेला आहे. मग तीन सरळ डोलकाठ्या, प्रत्येकीच्या माथ्यावर टोपीसारखा गोळा, आणि प्रत्येकीवर एक उंच, अरुंद, लांबट चौकोनी शीड. शिवाय पुढे बाहेर झुकलेल्या दांड्यावर एक छोटं चौकोनी शीड, वाऱ्याने फुगलेलं. त्या लहान शिडाकडे दुर्लक्ष करू नका. तीन मोठी शिडं जहाजाला पुढे ढकलतात, तर हे टोकावरचं शीड नाकाला बाजूला ओढतं आणि वळायला मदत करतं. ज्याने हे काढलं, त्याने जहाज प्रत्यक्ष पाहिलं होतं किंवा पाहिलेल्याकडून नीट ऐकलं होतं. नुसत्या कल्पनेतून जहाज काढणारा हे शीड काढणार नाही.

मागच्या बाजूला पाहा. आज ज्याला सुकाणू म्हणतो ते इथे नाही. कडेला, खोबणीत बसवलेली मोठी वल्ही लटकताना दिसतात. दिशा त्यांनीच बदलायची. मागच्या छपराखाली मातीची मडकी रांगेने ठेवलेली आहेत. त्यांत काय असेल यावर वाद आहे. पाणी, तेल, तूप, मद्य, सगळी नावं घेतली जातात. आमचा कल पाण्याकडे आहे. वादळात सापडलेल्या जहाजावर छपराखाली, हाताशी, सुकाणूवाल्याजवळ जे ठेवायचं ते पाणीच. विकायचा माल तळाशी जातो, कारण वजन खाली असलं तरच जहाज उलटत नाही.

चित्र जे सांगत नाही, तेही लक्षात घ्या. फळ्या एकमेकींना कशा जोडल्या ते त्यात दिसत नाही. पाण्याखालचा भाग दिसत नाही. चित्र एका बाजूचं आहे, त्यामुळे रुंदी कळत नाही. कौंडिण्य बांधणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न होता, कारण त्या काळचा एकही आराखडा शिल्लक नाही. संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही जहाज बांधणारी कंपनी यांच्यात जुलै २०२३ मध्ये करार झाला. त्याच वर्षी १२ सप्टेंबरला तळाचा कणा ठेवला गेला. जहाजाचा आकार आणि शिडं यांचा मेळ बसतो का, हे मद्रास आयआयटीत पाण्यातल्या चाचण्या घेऊन तपासलं. शिवण केरळच्या कारागिरांनी केली, त्यांचे मुख्य मिस्त्री बाबू शंकरन. फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं. लांबी सुमारे साडेएकोणीस मीटर, रुंदी साडेसहा. एसटीच्या दोन बस एकामागे एक उभ्या केल्या तर लांबी जवळपास तेवढीच होईल.

शिवलेलं जहाज बांधायची रीत आपल्या सवयीच्या उलट असते. घर बांधताना आधी सांगाडा, मग भिंत. इथे आधी फळ्या, मग फासळ्या. कण्याला लागून पहिली फळी बसवतात, तिच्या काठाला काठ लावून दुसरी. वाक द्यायचा असेल तिथे फळी वाफेवर किंवा उष्णतेने मऊ करून वळवतात. दोन्ही फळ्यांच्या कडेने ओळीने भोकं पाडतात. सांध्यावर काथ्याची जाड वात ठेवतात आणि भोकांतून काथ्याची दोरी ओवून ती वात दाबून टाकत शिवतात. दोरी ओढायला दोन माणसं लागतात, एक आतून, एक बाहेरून. मग उरलेली भोकं काथ्या आणि राळ भरून बुजवतात आणि वरून माशाच्या तेलाचा हात देतात. फळ्यांचं कवच उभं राहिल्यावर आतून फासळ्या घालतात.

खिळे का नकोत? खारं पाणी लोखंडाला खातं, आणि बऱ्याच लाकडांतला आंबटपणा आतून खातो. गंज फुगतो, लाकूड चिरतो, फळी सैल होते. शिवण लवचीक असते, वाळूवर आपटलं तरी फळ्या थोड्या हलतात आणि पुन्हा जागेवर येतात. एक फळी कुजली तर दोरी कापून तेवढीच बदलता येते. पण तिची किंमतही मोजावी लागते. काथ्या कुजतो, दर वर्षा-दोन वर्षांनी शिवण उसवून नवी घालावी लागते. आत थोडं पाणी झिरपतच राहतं, ते उपसायला सतत माणूस हवा. पाण्याखालच्या लाकडाला किडा लागतो, म्हणून चुना आणि चरबीचा लेप द्यावा लागतो. लेप उडाला आणि लक्ष गेलं नाही, की एका हंगामात फळीची चाळण होते.

दुसऱ्या लेण्यात तास गेला. मग सतरावं. तिथे उजव्या भिंतीवर सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे, तिच्यात हत्ती-घोडे वाहून नेणाऱ्या नावा आहेत. त्या डौलदार आहेत, पण जहाज समजून घ्यायला उपयोगाच्या नाहीत. हत्ती उभा केला तर इतकी अरुंद नाव समुद्रात टिकणार नाही. तिथे चित्रकाराचं लक्ष मिरवणुकीवर आहे. चौथ्या लेण्याच्या दाराशी अवलोकितेश्वर या बोधिसत्त्वाचं शिल्प आहे, त्याबद्दल पुढे लिहितो.

दुपारी फर्दापुरात वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. इथून पुढे खानदेश लागतो, ते ताटात आधी कळतं.

दुसरा दिवस, बुधवार : भोकरदन आणि औरंगाबाद लेणी

सिल्लोडला मुख्य रस्ता सोडून पूर्वेला वळलं की भोकरदन. जुनं नाव भोगवर्धन. केळणा नदीच्या काठी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं, टेकाड आणि कोरलेलं लेणं आहे. पाहायला फार काही नाही, अर्ध्या तासात होतं. पण इथल्या उत्खननात हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला आणि त्याचं जवळचं भावंड थेट इटलीत आहे. १९३८ मध्ये पाँपेईच्या उत्खननात एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. व्हेसुव्हियसच्या राखेखाली पाँपेई गाडलं गेलं ते इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच समुद्रापार पोचलेली होती. तशीच घडण असलेल्या मूर्ती भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोनच ठिकाणी ठळकपणे पुढे आल्या. पाँपेईची मूर्ती याच भागात घडली, असं बरेच अभ्यासक मानतात.

इथे एक घोटाळा टाळायला हवा, तो बऱ्याच लेखांत होतो. पाँपेईची मूर्ती पहिल्या शतकातली, अजिंठ्याचं गलबत पाचव्या शतकातलं. मध्ये चारशे वर्षं आहेत. तेव्हा ही मूर्ती याच घाटाच्या जहाजातून गेली, असं म्हणता येत नाही. मात्र सातवाहनांचं जहाज कसं दिसत होतं त्याचा पुरावा वेगळा आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. ती नाणी पूर्व किनाऱ्यावर चालत होती.

संध्याकाळी चारच्या सुमाराला औरंगाबाद लेणी. बीबी का मकबऱ्याच्या मागच्या डोंगरात, पायऱ्या चढून जायचं. मकबऱ्यापाशी माणसांची रीघ आणि इथे आम्ही चौघं आणि दोन अभ्यास करणारी पोरं. सातवं लेणं गाठा. व्हरांड्यात दाराच्या डावीकडे अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार छोटे देखावे : आग, तलवार घेतलेला लुटारू, बेडी, बुडणारं जहाज, सिंह, साप, हत्ती, मृत्यू. प्रत्येकात घाबरलेली माणसं हात जोडून त्याच्याकडे पाहत आहेत. अजिंठ्याच्या चौथ्या लेण्याच्या दाराशी हाच विषय आहे, वेरूळलाही आहे.

हे आठही धोके व्यापारी तांड्याचे आहेत. जंगलातला वणवा, घाटातला लुटारू, परमुलखात कैद, समुद्रात वादळ. डोंगरात राहणाऱ्या, समुद्र कधीही न पाहिलेल्या पाथरवटाला जहाज कोरावं लागलं, कारण देणगी देणाऱ्याचं भांडवल त्या जहाजात होतं. आमच्या मते मराठवाड्याचा समुद्राशी संबंध समजून घ्यायचा असेल तर अजिंठ्याच्या चित्राइतकंच हे वीतभर शिल्प महत्त्वाचं आहे. आणि ते इतकं दुर्लक्षित आहे याचं वाईट वाटतं. तिथे नीट समजावणारा एक फलक लागला, तरी मकबऱ्यावरून माणसं वर येतील.

रात्री नान-खलिया. तंदूरच्या नानवर हळदीचा पिवळा हात आणि रश्श्यावर तर्री. शहरात राहिलात तर हे चुकवू नका, पण आठच्या आत जा, चांगल्या ठिकाणी नऊनंतर खलिया उरत नाही.

तिसरा दिवस, गुरुवार : पैठण

पैठण, म्हणजे सातवाहनांचं प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत याची नोंद आहे : गुजरातेतल्या भडोच बंदराहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजचं तेर. पैठणहून गोमेदासारखे पट्ट्यांचे दगड भरपूर, तगरहून साधं सुती कापड आणि नाना प्रकारची तलम वस्त्रं. हा माल गाड्यांवर, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. गोदावरीच्या काठावर असूनही माल नदीने गेला नाही, हे लक्षात घ्या. गोदावरी पूर्वेला वाहते, बाजार पश्चिमेला होता.

नागघाटावर उतरा. पात्रात पाणी कमी, कडेला धुणं, वर नाथांच्या समाधीकडे जाणारी माणसं. दगडी मणी पाहायचे तर गावातल्या बाळासाहेब पाटील शासकीय संग्रहालयात जा. कुठलंही शासकीय संग्रहालय धरताना सोमवार आणि सरकारी सुट्ट्या वगळा, आणि जेवणाच्या वेळेत पोचू नका.

नाथसागर दुपारी. जायकवाडीचं धरण सुमारे दहा किलोमीटर लांब, दरवाजे २७, काम पूर्ण झालं १९७६ मध्ये. मराठवाड्यात पाण्याला पलीकडचा काठ दिसत नाही, असं ठिकाण हेच. वारा सुटला होता आणि लाटा काठावर आपटत होत्या. जाळं सावरत बसलेल्या एका मच्छीमार काकांना होड्यांबद्दल विचारलं. "लाकडाची आता कोण बांधतंय, दादा? सगळी फायबर. लाकडाची असली की दर वरसाला वर ओढा, खरवडा, फटीत कापूस कोंबा, डांबर लावा. पंधरा दिवस होडी उलटी. तेवढ्या दिवसाचं कोण देतंय?" मग एक गोष्ट त्यांनी आपणहून सांगितली : लाकडी होडी पाण्याबाहेर उन्हात जास्त दिवस राहिली तर फळ्या आक्रसतात आणि फटी मोठ्या होतात, पाण्यात परत टाकली की फुगून आपोआप मिटतात. "होडीला पानीच पाहिजे. कोरडी ठेवली की मेली."

जुनी शिडाची जहाजं संग्रहालय म्हणून जपणाऱ्यांचं सगळ्यांत मोठं दुखणं हेच आहे. कोरड्या गोदीत ठेवलं तर लाकूड वाळून तडकतं, पाण्यात ठेवलं तर तळ कुजतो. इंग्लंडमध्ये हार्टलपूलला 'एचएमएस ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका आहे. ती मुंबईत वाडियांच्या गोदीत मलबारी सागवानाने बांधली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात सोडली. आज ती संग्रहालय आहे, आणि अजून पाण्यावर तरंगते. सागवानात मुळातच तेल असतं. त्यामुळे लाकूड टिकतं आणि त्यात ठोकलेलं लोखंडही, ओकच्या लाकडात गंजतं तसं गंजत नाही. वाडियांनी खिळे वापरले आणि तरी जहाज दोनशे वर्षं टिकलं, त्याचं मोठं श्रेय या सागवानाला.

तिचीही एक कथा इथे सांगण्याजोगी. मुंबईला पाठवलेले तिचे आराखडे 'जावा' या युद्धनौकेवर होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने जावाचा पराभव केला, ती नौका जाळली गेली, आराखडे गेले. नवे येईपर्यंत काम रखडलं. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलांचंही असंच झालं. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, मोजक्याच वाचल्या. मग जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनलाच आगीत गेल्या. भिंतीवरचं मूळ चित्र मात्र जागेवर आहे, आणि जहाज बांधणाऱ्यांना शेवटी त्याच्याकडेच यावं लागलं.

पैठणहून बीडला मुक्काम. रस्त्यात ऊस भरलेल्या ट्रॉल्या, रात्री त्यांना मागे दिवे नसतात. अंधारात हा रस्ता टाळा.

चौथा दिवस, शुक्रवार : तेरला पोचलो, तेर गावात नव्हतं

बीड, केज, कळंब, ढोकी, तेर. कळंब ओलांडल्यावर गावं रिकामी दिसायला लागली. दुकानं बंद, पारावर कुणी नाही, बैलगाड्या आणि टेम्पो सगळे शेताकडे. तेरमध्ये संग्रहालयाला कुलूप. एका घराच्या ओसरीवर डोक्यावर पाटी घेऊन निघालेल्या आजी भेटल्या. "येळवस हाय आज. गावात कोन गावंल तुमाला? चला रानात."

वेळ अमावास्या. लातूर-धाराशिवकडे मार्गशीर्ष अमावास्येला सगळं गाव शेतात जेवायला जातं. इकडे यायचं ठरवताना पंचांग पाहा : या दिवशी संग्रहालय, हॉटेल, किराणा, काहीही मिळणार नाही. पण उपाशीही राहणार नाही. कडब्याची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, पूजा झाली की आंबील उभ्या पिकावर शिंपडतात. मग पंगत : भज्जी, ज्वारीचे उंडे, बाजरीची भाकरी, गव्हाची खीर, कांद्याची पात, आणि मडक्यातली थंड आंबील. भज्जीत पावट्यापासून हरभऱ्यापर्यंत जे हिरवं दाण्याचं सापडेल ते सगळं, वर बेसन. तिसऱ्यांदा वाढताना आजींनी विचारलंही नाही.

आंबिलाचं मडकं कोपीत सावलीला, ओल्या फडक्यात गुंडाळून, वाळूच्या खळीत बसवलेलं होतं. हलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पेंढा. गलबताच्या छपराखाली रांगेत ठेवलेली मडकी अशीच बसवली असणार. गोल बुडाचं मडकं डोलणाऱ्या फळीवर राहत नाही, त्याला खळगा किंवा चुंबळ लागते. चित्रात चुंबळ दिसते का, ते पाहायचं राहून गेलं. तुम्ही जाल तेव्हा पाहा.

दुपारनंतर गावातलं त्रिविक्रमाचं मंदिर उघडं होतं. विटांचं, मागून अर्धगोल. मुळात हे बौद्ध चैत्यगृह असावं, असं मानतात. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या उभ्या बांधकामांत त्याची गणना होते. तेरणा नदी शेजारून जाते. संत गोरोबाकाकांचं गाव हेच.

मुक्कामाला धाराशिव. तिथले गुलाबजाम प्रसिद्ध आहेत, रात्री थंडीत गरम खाल्ले.

पाचवा दिवस, शनिवार : लामतुरे संग्रहालय

सकाळी परत तेर. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालय. लामतुरे हे तेरचेच. पावसाळ्यात नांगरटीत आणि पांढरीच्या मातीत जे निघेल ते त्यांनी गोळा करून जपलं, पुढे तो संग्रह राज्य सरकारकडे आला. गावाने पांढरीची माती खतासाठी शेतात पसरली, तेव्हा हा माणूस नसता तर तगर आज फक्त ग्रीक नोंदीत उरलं असतं.

दोन तास लागतात. केओलिनच्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती साच्यातून काढलेल्या, दोन अर्धे जोडून. कडेला सांध्याची रेघ दिसते. रोमन नाण्यांची नक्कल असलेल्या मातीच्या टिकल्या पाहा, त्यांना वर भोक असतं, गळ्यात घालायच्या. राजाचा चेहरा आहे, पण अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा, कारण करणाऱ्याला ती लिपी येत नव्हती. शंखाच्या बांगड्या पाहा. शंख समुद्रातला, म्हणजे किनाऱ्यावरून इथवर मालही येत होता. तगरला किनाऱ्याकडचा माल येतो, हे 'पेरिप्लस'मध्येही आहे. आणि हस्तिदंती स्त्रीमूर्ती शोधा, भोकरदनच्या मूर्तीची बहीण.

कापड मात्र दिसणार नाही. तगरचं नाव ज्याने झालं ते सूत मातीत टिकत नाही. रंगाऱ्यांची टाकी आणि सूत कातायच्या चात्या, तेवढंच राहतं. म्हणून अजिंठ्याला परत गेलात तर माणसांच्या अंगावरच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाकडे पाहा.

आम्ही परतल्यावर दहा दिवसांतच, २९ डिसेंबरला, कौंडिण्य पोरबंदरहून निघालं आणि १४ जानेवारीला मस्कतला पोचलं. इंजिन नाही, फक्त शिडं आणि कडेची सुकाणू-वल्ही.

तुम्ही हा प्रवास करणार असाल तर क्रम उलटा ठेवा. आधी तेर, मग पैठण, मग भोकरदन, शेवटी अजिंठा. वेळ अमावास्या साधत असाल तर आदल्या दिवशीच संग्रहालय करून घ्या. माल आधी पाहिला की गलबतापुढे उभं राहिल्यावर तळाशी काय भरलं असेल ते ओळखीचं असतं, आणि दुर्बीण छपराखालच्या मडक्यांवर लावायला वेळ उरतो.